एकच निरोप्या, अनेक वाटा : पेशीतील संकेतव्यवस्था आणि परांची-प्रथिने



ताळेबंद, आय-व्यय पत्रक आणि वर्षभरातील कार्याचा आढावा यांच्या जोडीला वार्षिक अहवालात एखादा ज्ञानपर लेख असावा, हा आमचा प्रघात आहे. हा लेख बहुधा आमच्या एखाद्या डॉक्टरांच्या लेखणीतून उतरतो. या खेपेस मात्र तो धीर आम्हीच केला आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमचे आयुष्य खतावणी आणि पावतीपुस्तकांत गेले. तरीही हा विषय हाती घेण्यास एक कारण घडले.

आमच्या रुग्णालयात मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर उपचार घेणारे एक शेतकरी गृहस्थ होते. त्यांच्या गाठीच्या तपासणीत बीआरएएफ नावाच्या जनुकात एक विशिष्ट दोष आढळला. योगायोग असा, की त्यांच्या मुंबईच्या एका नातेवाइकास मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग झाला होता, त्यांच्या अहवालात हाच दोष होता आणि त्यावरील गोळीने त्यांना चांगला उतार पडला होता. रुग्णाचा मुलगा ते दोन्ही कागद घेऊन आमच्या दालनात आला. डॉक्टरांनी ती गोळी द्यावयास नकार दिला होता. तो म्हणाला, “सायेब, दोष त्योच हाय, मग गोळी तीच का न्हाई? आमी गरीब म्हणून?”

नकाराचे कारण पैसा नव्हते, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु खरे कारण काय, हे आम्हांस सांगता आले नाही. धर्मादाय रुग्णालयाच्या व्यवस्थापकास यापरते ओशाळवाणे काय असावे? पुढे आमच्या डॉक्टरांसमवेत काही संध्याकाळ बसून आम्ही जे समजून घेतले, ते आपणांपुढे यथामती मांडत आहोत.

पेशीतील सह्यांची साखळी

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीला बाहेरून अखंड निरोप येत असतात : साखर वाढली आहे, जखम झाली आहे, आता विभागणी करा, आता थांबा. हे निरोप पेशीच्या आवरणावरील ग्राही प्रथिने टिपतात आणि तेथून ते आतील प्रथिनांमार्फत केंद्रकापर्यंत पोहोचतात. या प्रवासास संकेतमार्ग म्हणतात.

निरोप पुढे सरकण्याची रीत आम्हां हिशेबी माणसांस चटकन उमगण्यासारखी आहे. आमच्याकडे कोणतेही खर्चाचे व्हाउचर तीन सह्यांवाचून मंजूर होत नाही. विभागप्रमुख सही करतात, मग लेखापाल, मग खजिनदार. पेशीतही तसेच घडते. कायनेज नावाची प्रथिने पुढच्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक कण चढवतात. ही त्यांची सही. सही मिळताच ते दुसरे प्रथिन जागे होते आणि तिसऱ्यावर सही करते. अनेक महत्त्वाच्या मार्गांत अशी तीन कायनेजांची उतरंड असते. मानवी शरीरात कायनेजांचे ५०० हून अधिक प्रकार आहेत.

आता अडचण पाहा. निरोप अगणित आणि सही करणारे मोजके. त्यामुळे एकच कायनेज दोन-तीन वेगवेगळ्या मार्गांत काम करताना आढळते. आमचा लेखापाल औषधखरेदीच्या व्हाउचरवरही सही करतो आणि निर्धन रुग्ण निधीच्या व्हाउचरवरही. मग त्याच्या सहीनंतर औषधखरेदीचा कागद निर्धन रुग्ण निधीच्या गठ्ठ्यात का जात नाही? पेशीतील एका मार्गाचा निरोप दुसऱ्या मार्गात का शिरत नाही? शास्त्रज्ञांस दीर्घकाळ पडलेले कोडे ते हेच.

मळीतील यीस्टने दिलेले उत्तर

या कोड्याचे उत्तर प्रथम ज्या जीवाने दिले, तो आपल्या जिल्ह्यास परका नाही. साखर कारखान्यांच्या आसवनीत उसाच्या मळीपासून मद्यार्क तयार करणारे यीस्ट आणि बेकरीतील पाव फुगवणारे यीस्ट एकाच जातीचे. एका पेशीचा हा सूक्ष्म जीव जगभरच्या प्रयोगशाळांतही त्याच कारणास्तव लाडका आहे : तो वाढवण्यास सोपा, आणि त्याची अंतर्गत यंत्रणा पुष्कळ अंशी आपल्या पेशींसारखीच आहे.

यीस्टपुढे दोन अगदी भिन्न प्रसंग येतात. पहिला प्रसंग दाट साखरेचा किंवा मिठाचा. घरी गुळांबा करताना कैरीच्या फोडींना गूळ लावला की त्यांना पाणी सुटते, हे आपण पाहतो. बाहेर दाटपणा वाढला की पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. यीस्टची पेशीही अशीच आक्रसते. जगावयाचे तर तिला आत ग्लिसरॉल तयार करून पाणी धरून ठेवावे लागते. दुसरा प्रसंग मीलनाचा. प्रयोगशाळेत अभ्यासल्या जाणाऱ्या यीस्टच्या पेशी ‘ए’ आणि ‘अल्फा’ अशा दोन प्रकारच्या असतात. एकीने सोडलेले रासायनिक आवाहन दुसरीस पोहोचले की ती विभागणी थांबवते आणि जोडीदाराच्या दिशेने वाढू लागते.

एक प्रसंग प्राण वाचवण्याचा, दुसरा वंश वाढवण्याचा. तरीही या दोन्ही मार्गांत वरच्या पायरीवर स्टी-११ नावाचे एकच कायनेज काम करते. मीलनाच्या मार्गात ते स्टी-७ वर सही करते व स्टी-७ पुढे फस-३ वर. दाट द्रावाच्या मार्गाच्या एका शाखेत तेच स्टी-११ पीबीएस-२ वर सही करते व पीबीएस-२ पुढे हॉग-१ वर. लेखापाल एक, गठ्ठे दोन.

१९९४ मध्ये या रहस्याचा उलगडा झाला. स्टी-५ नावाचे एक प्रथिन नसेल तर यीस्टची पेशी मीलनास असमर्थ ठरते, हे पूर्वीच ठाऊक होते. पण ते करते काय, हे कळत नव्हते. त्याच्यापाशी सही करण्याची शक्तीच नाही. त्या वर्षी निरनिराळ्या प्रयोगशाळांतून दिसून आले, की स्टी-५ हे मीलनमार्गातील तिन्ही कायनेजांस आपल्या अंगावर शेजारी-शेजारी धरून ठेवते. पहिल्याच्या सहीसाठी दुसरे हजर, दुसऱ्याच्या सहीसाठी तिसरे हजर. पुढे १९९७ मध्ये असे आढळले, की दाट द्रावाच्या मार्गात हेच काम पीबीएस-२ करते. ते स्वतः सहीही करते आणि आपल्या मार्गातील मंडळींस एकत्र बांधूनही ठेवते.

इमारत बांधताना गवंडी ज्या बांबूंच्या मांडणीवर उभे राहतात तिला आपण परांची म्हणतो. इंग्रजीतील त्याच शब्दावरून या प्रथिनांस स्कॅफोल्ड प्रथिने असे नाव पडले. आपण त्यांस परांची-प्रथिने म्हणू. आमच्या परिभाषेत सांगावयाचे तर ही प्रथिने म्हणजे फाईल. सही करणारा कोण, यापेक्षा कागद कोणत्या फाईलमध्ये लावलेला आहे, यावर तो कोठे पोहोचणार हे ठरते.

फाईल बदलली तर?

हा निष्कर्ष खरा असेल, तर फाईल बदलल्यावर निरोपही दुसरीकडे गेला पाहिजे. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वेंडेल लिम यांच्या प्रयोगशाळेने नेमका हा प्रयोग केला. स्टी-५ आणि पीबीएस-२ यांना जोडून त्यांनी एक संकरित परांची बनवली. तिचे वरचे टोक मीलनाचा निरोप घेणारे आणि खालचे टोक ग्लिसरॉलच्या मार्गास जोडलेले. अशा यीस्टला मीलनाचे आवाहन दिले असता तिने ग्लिसरॉलचा मार्ग चालू केला. कायनेजांची सही करण्याची रीत तीच होती. बदलली होती ती त्यांची संगत.

परंतु परांची हा एकमेव पहारेकरी नव्हे. १९९८ मध्ये असे दिसून आले होते, की यीस्टमधील हॉग-१ काढून टाकले तर दाट द्रावाचा निरोप मीलनमार्गात गळू लागतो आणि खारट पाण्यातील पेशी जोडीदार शोधल्यासारखी वागू लागते. म्हणजे हॉग-१ आपले काम करता करता दुसऱ्या वाटेचे दारही लोटून घेत असते. आम्हांस यात अंतर्गत लेखापरीक्षकाचे दर्शन घडले. फाईल चोख असली तरी गळती पाहणारा कुणी लागतोच.

तसेच परांची केवळ खुंटीसारखी निश्चल नसते, हेही पुढे उमगले. २००९ मधील संशोधनानुसार फस-३ ची रचनाच अशी, की स्टी-५ चा स्पर्श झाल्यावाचून स्टी-७ ची सही ते सुलभतेने स्वीकारत नाही. फाईलमध्ये लावल्याखेरीज कागदावर शाई उमटू नये, तसे हे झाले.

एका गोष्टीने मात्र आम्ही चकित झालो. परांची उपयुक्त, तेव्हा जितक्या अधिक तितके उत्तम, असे वाटेल. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणिती अभ्यासाने उलटेच दाखवले. परांच्या प्रमाणाबाहेर वाढल्या की एकीवर पहिले कायनेज बसते, दुसरीवर दुसरे, तिसरीवर तिसरे; तिघांची गाठ कोठेच पडत नाही आणि निरोप मंदावतो. डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांची संख्या तीच ठेवून नुसते कक्ष वाढवीत गेल्यास काय होईल, याची कल्पना विश्वस्त मंडळास सहज करता येईल.

हृदयातील फाईल

यीस्टची कथा आपल्या शरीरास कितपत लागू पडते, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर हृदयात मिळते.

आपण घाबरलो किंवा धावलो की अ‍ॅड्रेनॅलिन हे संप्रेरक हृदयाच्या पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा रेणू वाढवते आणि हृदय जोराने आकुंचन पावू लागते. प्रोस्टाग्लँडिन ई-१ हे द्रव्यही हृदयाच्या पेशीत तोच रेणू वाढवते, परंतु त्याने आकुंचनाचा जोर वाढत नाही. हे निरीक्षण १९८० च्या आसपासचे. रेणू तोच, तर परिणाम निराळा का? कारण तो रेणू सर्व पेशीभर सारखा पसरत नाही आणि त्याची आज्ञा पाळणारे पीकेए हे कायनेजही ठिकठिकाणी नांगरून ठेवलेले असते. या नांगरांचेही एक मोठे परांची-कुटुंब आहे.

त्यांपैकी योटिआओ नावाचे प्रथिन पीकेएला हृदयातील पोटॅशियमच्या एका द्वारापाशी धरून ठेवते, असे २००२ मध्ये दिसून आले. हृदयाची गती वाढते तेव्हा हे द्वार लवकर व अधिक उघडावे लागते, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदय वेळेवर पूर्ववत होते. ही बांधणी सुटली तर अ‍ॅड्रेनॅलिनचा निरोप द्वारापर्यंत पोहोचत नाही. मग हृदयालेखात क्यूटी नावाचे अंतर लांबते आणि धावताना किंवा दचकल्यावर भोवळ येण्याचा, क्वचित अकस्मात मृत्यूचा धोका संभवतो. २००७ मध्ये या विकाराच्या एका रुग्णात खुद्द योटिआओच्या जनुकातच दोष आढळला. तेथे ना संप्रेरकात खोट होती ना कायनेजात. खोट होती फाईलमध्ये.

दुसरे उदाहरण मधुमेहाचे. अनेक रुग्ण रोज इन्सुलिन टोचून घेतात. इन्सुलिन जीएसके-३ या कायनेजास आवर घालते, म्हणून पेशी साखरेचा साठा करू शकते. परंतु याच जीएसके-३ वर आणखी एक जबाबदारी आहे. बीटा-कॅटेनिन हे प्रथिन साठून राहिले तर ते पेशींस अवाजवी विभागणीस प्रवृत्त करते. त्याचा वेळीच नाश व्हावा यासाठी त्यावर खूण करण्याचे काम जीएसके-३ करते. मग इन्सुलिनने जीएसके-३ ला आवरले की बीटा-कॅटेनिन मोकाट सुटावयास हवे. तसे होत नाही. कारण या कामावरील जीएसके-३ निराळे बांधलेले असते : अ‍ॅक्सिन या परांचीवर, एपीसी या प्रथिनाच्या सोबतीने. इन्सुलिनची आज्ञा त्या फाईलपर्यंत जात नाही. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य कर्करोगांत मात्र हे एपीसीच बिघडलेले असते. मग नाशाची ही व्यवस्था ढासळते आणि बीटा-कॅटेनिन साठत जाते.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर

आता आमच्या दालनातील त्या प्रश्नाकडे वळू. बीआरएएफ हेही एक कायनेजच. तीन सह्यांच्या उतरंडीतील पहिली सही त्याची. त्यात तो विशिष्ट दोष निर्माण झाला की ते निरोप येण्याची वाट न पाहता सह्या करीत सुटते आणि पेशी विभागत राहते. कर्करोगांतील हा दोष २००२ मध्ये प्रकाशात आला. त्यास रोखणारी वेमुराफेनिब ही गोळी २०११ मध्ये अमेरिकेत मेलॅनोमासाठी मंजूर झाली. मुंबईच्या त्या नातेवाइकास अशाच गोळीचा गुण आला होता.

परंतु हाच दोष असलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एकटी अशी गोळी फारशी लागू पडत नाही. याचे कारण २०१२ मध्ये स्पष्ट झाले. आतड्याच्या पेशींवर ईजीएफआर नावाचे ग्राही भरपूर असतात. एरवी पुढचा मार्ग चालू असताना त्यांच्यावर खालून एक लगाम असतो. गोळीने बीआरएएफ बंद केले की तो लगाम सुटतो, ईजीएफआर जागे होते आणि दुसऱ्या वाटेने तीच साखळी पुन्हा चालू करते. मेलॅनोमाच्या पेशींवर हे ग्राही बहुधा अल्प असतात, म्हणून तेथे ही पळवाट सहसा उघडत नाही. यास्तव आतड्याच्या कर्करोगात दोन्ही दारे एकदम बंद करावी लागतात. एन्कोराफेनिब ही गोळी आणि सेटुक्सिमॅब हे इंजेक्शन यांची अशी जोडी, आधीचे उपचार घेतलेल्या रुग्णांसाठी, २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

येथील दोष परांचीचा नव्हे, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु धडा तोच आहे. एखादे प्रथिन काय करील, हे त्या प्रथिनाच्या नावावरून ठरत नाही. ते कोणत्या पेशीत, कोणाच्या संगतीत आणि कोणत्या जोडणीत आहे, यावरून ठरते. अहवालातील दोषाची ओळ दोघांची सारखी असली तरी दोघांच्या पेशींतील व्यवस्था सारखी नव्हती. त्या मुलाच्या वडिलांस नाकारलेली गोळी ही वाचवलेली रक्कम नव्हती. ती त्यांच्या उपयोगी पडली नसती, आणि तिचा खर्च व दुष्परिणाम मात्र त्यांच्या वाट्यास आले असते.

त्यांना केमोथेरपी देण्यात आली. काही महिन्यांनी ते निवर्तले. मुलगा शेवटचे कागद नेण्यास आला, तेव्हा आम्ही त्यास समोर बसवून हे सारे साध्या भाषेत सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. जाताना एवढेच म्हणाला, “हे तवाच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.” हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही.

आपणांस विनंती

यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. पहिली देणगीदारांसाठी. औषधांसाठी मदत देण्यास हात सहज पुढे होतात, तपासणीसाठी निधी मागितला की “आधी गोळी द्या, तपासण्या कशाला?” असे विचारले जाते. गाठीची योग्य तपासणी हा औषधाआधीचा वायफळ खर्च नसून चुकीच्या औषधावरील खर्च व यातना टाळण्याचा उपाय आहे. दुसरी गोष्ट आम्हां सर्वांसाठी. एखादे औषध का दिले जात नाही, याचे कारण रुग्णाच्या घरच्यांस त्यांच्या भाषेत आणि वेळेवर सांगणे हा उपचाराचाच भाग होय. कोणतेही महत्त्वाचे औषध नाकारताना डॉक्टरांनी नातेवाइकांस समक्ष बसवून कारण सांगावे आणि तशी नोंद केसपेपरवर करावी, असा पायंडा आम्ही आता पाडला आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी आपल्या देयकांच्या एकूण रकमेतील २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाचे असतात आणि १० टक्के खाटा निर्धन, तर १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखावयाच्या असतात. या निधीच्या व्हाउचरवर सही करणारे हात तेच, जे इतर सर्व कागदांवर सही करतात. तरीही गरिबाच्या नावचा पैसा गरिबापर्यंतच पोहोचावा, यासाठी आम्ही त्याची फाईल वेगळी बांधतो आणि गळती पाहणारा परीक्षक नेमतो. यीस्टच्या कणापासून मानवी हृदयापर्यंत निसर्गानेही हीच दक्षता घेतली आहे, हे जाणून आमच्या रुक्ष हिशेबी कामाविषयीचा आमचा आदर वाढला, हे येथे नम्रपणे नमूद करतो.